माझ्या भारंभार गूळ

मी जन्मले तेव्हा मला उचलताना सुईणीच्या पाठीत अशी उसण भरली की त्यानंतर तिने आमच्या गल्लीतली बाळंतपणंच घेणं सोडलं, असं तात्या सांगायचे. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे, नानांचे, थोरले चुलतभाऊ. आमच्या गुऱ्हाळाचे गुळव्या तेच. काहिलीतला रस आटून आटून गूळ नेमका कुठल्या क्षणी झाला, हे ओळखायचं काम त्यांचं. त्यांनी एकदा बोटाने पाक चाखला की त्यावर बोलायची कुणाची टाप नव्हती, आणि पाकाबद्दल कुणी बोलत नाही म्हणून जगातल्या इतर सगळ्या गोष्टींबद्दलही आपलंच खरं, असा त्यांचा समज झालेला. गाव आमचं कोल्हारपासून सायकलवर थोडंच आत, प्रवरेच्या पाण्यावर ऊस पिकवणारं. बहुतेकांचा ऊस कारखान्याला जायचा. नानांनी मात्र बापजाद्यांचं गुऱ्हाळ धरून ठेवलं होतं. थंडी पडायला लागली की इंजिनाचा टुकटुक आवाज सुरू व्हायचा, चुलवाणात उसाची वाळकी चिपाडं तडतडायची, आणि रस उकळल्याचा तो वास घरात शिरायचा तो थेट शिमग्यापर्यंत मुक्कामाला. गोधड्यांत, भिंतींत, आईच्या केसांत, माझ्या वह्यांत तो मुरलेला. आमचे मास्तर जिभेने बोट ओलं करून वहीची पानं उलटायचे. माझी वही आली की तेच पान ते चार वेळा उलटत.

आता एवढ्या वासात वाढलेल्या पोरीने काय करावं? मी खाल्लं. काहिलीतून उतरवलेला गरम गूळ उसाच्या कांडक्याला गुंडाळून खाल्ला, थंड पाण्यात टाकून त्याची लांबच लांब तार ओढून खाल्ला, बाजरीच्या भाकरीवर काकवीचं तळं करून त्यात तूप सोडून खाल्लं. वाफ्यात निवत घातलेल्या गुळाच्या कडा मी अशा कोरून ठेवायचे की नाना उंदरांसाठी पिंजरे लावायचे. पिंजऱ्यात आमिष म्हणून ते गूळच ठेवायचे, आणि सकाळी पिंजरा रिकामा, गूळ गायब. उंदीर लई हुशार झालेत, असं नाना म्हणायचे. हे मी आजही हसत सांगते. पण शाळेत माझं नाव सुमन होतं हे फक्त हजेरीला कळायचं. एरवी मी ढेप होते. 'ढेप आली, सरका.' 'ढेपे, बाकाच्या मधोमध बस, कडेला बसलीस तर पलीकडचा उडंल.' मी सगळ्यांत मोठ्याने हसायचे. दुसऱ्याने हसायच्या आधी आपण हसलं की तेवढं लागत नाही, ही युक्ती मला फार लवकर सापडली. मग घरी येऊन कांबळ्याखाली गुळाचा खडा तोंडात ठेवायचा आणि तो विरघळेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही.

बारावी झाल्यावर मी नर्सिंगला अर्ज केला. शेतात, गुऱ्हाळात किंवा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात माझं आयुष्य जाणार हे ठरल्यासारखंच होतं, त्यातून सुटायची तेवढी एकच फट मला दिसत होती. नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझी जीभ जुनी आहे) बोलावणं आलं, मार्क बरे होते, मुलाखतीत मी मॅडमना हसवलं. शेवटी तपासणीला एक डॉक्टर होते, बारीक, चष्मेवाले. त्यांनी मला काट्यावर उभं केलं, काट्याकडे पाहिलं, मला खाली उतरवलं, काटा तपासला आणि पुन्हा उभं केलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "बाळ, वॉर्डात बारा बारा तास उभं राहावं लागतं. तुझे गुडघे आत्ताच कुरकुरतात. एक जागा मी तुझ्यासाठी संक्रांतीपर्यंत अडवून ठेवायला सांगतो. साखर बंद कर आणि उतरून दाखव." बाहेर बाकावर बारीक अंगाच्या मुली बसल्या होत्या. दार उघडं होतं.

घरी येऊन मी सांगितलं, साखर बंद. आई लगेच उठली आणि साखरेचा डबा शेजारी देऊन आली. तात्यांनी रात्री जेवताना निकाल दिला, की डॉक्टरांनी साखर म्हटलंय, गूळ नाही म्हटलेलं. साखर कारखान्याची, हाडं पोखरते. गूळ आपला, रक्त शुद्ध करतो, अंगातली चरबी पातळ करून घामावाटे काढतो. मला हे इतकं पटलं की काय सांगू. पटायला हवंच होतं. मग माझा चहा गुळाचा झाला, भूक लागली की गूळशेंगदाणे, त्यावर तहान लागली की उसाचा रस, पोट साफ राहावं म्हणून सकाळी काकवी. डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य मी असं जोमाने पाळलं की महिन्याभरात दोन पोलक्यांच्या शिवणी उसवल्या. कोल्हारच्या दवाखान्यात कंपाउंडरने वजन केलं आणि विचारलं, काय खातेस. मी अभिमानाने पथ्य सांगितलं. तो आत गेला, डॉक्टरीणबाईंना घेऊन आला आणि म्हणाला, पुन्हा सांग. त्यांनाही ऐकायचं होतं. मी पुन्हा सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचे चेहरे पाहून मला कळत गेलं. परत येताना मी सायकल हातात धरून चालत आले. सायकलवर दया आली असं मी घरी सांगितलं.

त्या दिवसापासून मात्र मी खरंच सोडलं. माझी पुण्याची नात हल्ली फोनवर मोजून खाते, तिला चार वाजता 'क्रेव्हिंग' येतं आणि मग ती मखाणे खाते. मी तिला म्हणते, बाई गं, तुला क्रेव्हिंग कपाटातल्या डब्याचं येतं. माझं क्रेव्हिंग परसात इंजिन लावून उकळत होतं. वारा पश्चिमेचा असला की मी नाकात कापूस घालून अभ्यासाला बसायचे. गुऱ्हाळावर जेवण पोचवायचं काम माझं होतं, ते मी तोंडात चिंच धरून करायचे. चिंचेने दात असे आंबायचे की समोर गुळाचा डोंगर असला तरी चावायची सोय नाही. आईच माझ्यासाठी काय काय शोधायची. पदराच्या गाठीत फुटाणे. रानातून येताना ओल्या हरभऱ्याचे डहाळे, ते चुलीत टाकून भाजलेले घाटे, काळेकुट्ट, आतून हिरवेगार. मीठ लावलेला मुळा, बोरं, जिरं घातलेलं पातळ ताक तांब्याभर. संध्याकाळी पाचच्या सुमाराला जीव अगदी कासावीस व्हायचा, तेव्हा ती न बोलता माझ्यापुढे गाजर ठेवायची आणि समोर बसून राहायची. मी एक गाजर खाईपर्यंत ती उठत नसे. आणि मी उतरायला लागले. आधी गालांवरून, मग दंडांवरून. पोलकी सैल झाली. आई ती आत घ्यायला बसली, तर मला वाटलं तिला आनंद होईल. ती सुईत दोरा ओवताना सारखी थांबत होती.

मग आमटी गोड लागायला लागली. आमच्याकडे आमटीत गूळ असतोच, म्हणून आधी मी काही बोलले नाही. मग भाजीही गोड. मग एके दिवशी ताक. ताकाला फसवता येत नाही. मी तांब्या खाली ठेवला आणि आईला विचारलं, की ताकात गूळ कुणी घातला. ती चुलीत फुंकर घालत राहिली. मी आवाज चढवला. माझी जागा जाणार, मी जन्मभर इथेच ढेपा थापणार, तुला तेच हवंय का, असं बरंच काही बोलले. नाना ओसरीवरून आत आले, पाठोपाठ तात्या. तेव्हा आई पदराने डोळे पुसत म्हणाली, धुराने पाणी आल्यासारखं दाखवत,

"तू आशी वाळत चालली. मी देवीला काय सांगू?"

झालं होतं ते असं. मला नगरचं बोलावणं आलं त्याच दिवशी आई गावच्या देवीला जाऊन नवस बोलून आली होती, की पोरीला नर्सचं शिकायला घेतलं तर तिच्या भारंभार गूळ गावात वाटीन. एका पारड्यात मी, दुसऱ्या पारड्यात माझ्या वजनाएवढ्या ढेपा. गूळवाल्याच्या बायकोला सुचण्यासारखाच नवस. फक्त तो ती बोलली तेव्हा मी भरात होते.

नाना म्हणाले, "अगं, पोरगी कशापायी वाळली ते देवीला कळत न्हाई व्हय?"

"देवीला कळंल वो. गावाला कळंल का?" आई म्हणाली. "बोलताना एवढी व्हती आन फेडताना एवढी. लोक म्हनतील, पोरीला उपाशी ठिवून माप मारलं."

माप मारलं म्हटल्यावर नाना खालीच बसले. त्यांनी उभ्या जन्मात कुणाला वजनात मारलं नव्हतं; ढेप तोलून झाली तरी वरून खडा टाकायचे, आणि त्या खड्यांवरच आमचा अर्धा गाव पोसला जायचा. नवस आधी फेडून टाकावा, असं त्यांनी सुचवून पाहिलं. फळ मिळायच्या आधी फेडला तर देवी म्हणेल हिला माझा भरवसा नाही, असं आईचं म्हणणं. शेवटी तात्यांनी निकाल दिला. पोरीला आत्ताच, आहे तशी, तोलून ठेवायची. देवीच्या गुरवाला साक्षीला बोलवायचं. भरतील त्या ढेपा बाजूला काढायच्या आणि तिचं काम झालं की वाटायच्या. मग ती वाळून काडी झाली तरी देवीचं काही बुडत नाही. मी म्हटलं, मग घरातच तोला, दार लावून. तर आई म्हणाली, चोरून तोललेलं देवीला पोचत नाही.

म्हणून गुऱ्हाळावर तोललं, भर दुपारी. लोखंडी दांडीचा मोठा तराजू होता, साखळ्यांना फळ्या टांगलेल्या, ढेपांसाठी. रस प्यायला येणारे रोजचे पंधरावीस जण असतातच. त्या दिवशी किती होते ते मी सांगत नाही, एवढंच सांगते की राहुरीकडून येणारी एसटी म्हणे रस्त्यात उभी राहिली आणि कंडक्टरने टपावर चढायला परवानगी दिली. गुरव अंघोळ करून, गंध लावून आलेले. मी पाचवारी नेसले होते. फळीवर बसले, पाय पोटाशी घेतले, आणि माझी बाजू जमिनीला टेकली. तात्यांनी पहिली ढेप दुसऱ्या फळीवर ठेवली. काही नाही. दुसरी. काही नाही. प्रत्येक ढेपेला गुरव देवीचं नाव घ्यायचे आणि लोक पुढची मागायचे. कुणीतरी म्हणालं, "नाना, कारखान्याचा काटा मागवा, ट्रॅक्टर चढतो त्याच्यावं." दुसरं कुणी म्हणालं, "शेजारच्या गुऱ्हाळाला सांगून ठिवा, ढेपा कमी पडतील." मी हसायला तोंड उघडलं. सवयीप्रमाणे. पण हसू आलं नाही. ती जुनी युक्ती ऐन वेळी तिथे चाललीच नाही. मी मान खाली घालून फळीवरच्या गुळाच्या चिकट डागाकडे पाहत राहिले. त्यावर एक गांधीलमाशी बसली होती. ती मला चावावी, आणि सगळी धावपळ होऊन हे थांबावं, असं मला फार वाटलं.

शेवटी माझी फळी हलली, वर आली, दांडी सरळ झाली. गुरव म्हणाले, झालं. मी उतरायला पाय खाली सोडला.

"न्हाई झालं," आई म्हणाली. "ही आत्ताची झाली. मी बोलले तवा ही याच्यापरीस जास्त व्हती."

किती जास्त, ते कुणालाच माहीत नव्हतं. नाना म्हणाले, अंदाजाने एक ढेप वर टाकू. आई म्हणाली, देवीला अंदाजाचा गूळ? आणि तिने पदर खोचला, चपला काढल्या, एवढ्या सगळ्या पुरुषांच्या देखत पुढे आली आणि म्हणाली, "गेली तेवढी मी बसते."

गुरव म्हणाले, "वहिनी, हे जास्ती हुईल."

"हुंदे. कमी नगं."

फळीवर जागा नव्हती. मीच सगळी भरले होते. म्हणून ती माझ्या मांडीवर बसली.

लोक काय हसले म्हणता. पुढे होस्टेलवर, वॉर्डात, रिटायर होताना निरोप समारंभात मी ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी इथवर आले की सांगते, साखळी तुटली, आम्ही दोघी काहिलीच्या कडेला जाऊन आदळलो, गुरवाचं धोतर पेटलं. लोक पोट धरून हसतात आणि मग पुढचं सांगावं लागत नाही. साखळी तुटली नव्हती. आई माझ्या मांडीवर बसली आणि मला तिचा भार लागलाच नाही. माकडहाड रुतलं, कोपर रुतलं, पाठीचा एकेक मणका पोलक्यातून माझ्या छातीला लागला. पण भार म्हणावा असा नव्हता. मी आयुष्यात कधी आईला उचललं नव्हतं, तिला जवळ धरलं ते तिच्या कुशीत शिरायला. आत्ता मी हात पुढे घेऊन तिला धरलं, पडू नये म्हणून, तर माझा एक हात तिला वळसा घालून पुन्हा माझ्याच दुसऱ्या कोपराला लागला. तिच्या केसांना गुळाचा वास येत होता. सगळ्यांचं झाल्यावर ती चुलीपुढे पाठमोरी बसून काय जेवते, हे मी अठरा वर्षांत एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. काकवीचा शेवटचा थेंब मी पुसून घ्यायचे ते भांडं तिच्याकडे घासायला जायचं.

मी तिच्या कानाशी विचारलं, "आई, तू जेवतीस का गं?"

"हलू नगंस," ती म्हणाली. "काटा चुकंल."

तात्यांनी आणखी ढेपा ठेवल्या. फार नाही ठेवाव्या लागल्या. मीच तेव्हा त्या मोजत होते, आणि मला वाटत होतं की त्यांनी आणखी ठेवाव्यात, पुष्कळ ठेवाव्यात, लोकांनी आईलाही ढेप म्हणावं. पण दांडी चटकन सरळ झाली.

संक्रांतीच्या तोंडावर मी नगरला गेले. चष्मेवाल्या डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं, या वेळी काटा तपासला नाही, आणि म्हणाले, "राहशील उभी." पस्तीसेक वर्षं उभी राहिले. पण ते नंतरचं. त्या आठवड्यात नवस फेडायचा होता. ढेपा देवीपुढे नेल्या, गुरवांनी फुलं वाहिली, मग आई आणि मी पाटी घेऊन घरोघर वाटत निघालो. मला तोपर्यंत वाटत होतं की तराजूवर जी व्हायची ती शोभा झाली. तसं नव्हतं. दारादारांत लोक हातात खडा घेऊन विचारायचे, "सुमे, आमच्या वाट्याला काय आलं, हात का मांडी?" कुणी म्हणायचं, "ही बाजू आईची दिसती, बारकी हाय." मी हसायचे, आता ते जमायला लागलं होतं पुन्हा. आई मात्र प्रत्येकाला खडा देताना हात जोडायची आणि म्हणायची, देवीनं ऐकलं. वरून आणखी एक खडा ठेवायची, नानांसारखा.

घरी आलो तेव्हा पाटी रिकामी होती. पाटीच्या तळाशी फडक्याला एक तुकडा चिकटून राहिला होता, बोराएवढा. मी तो सोडवून आईच्या हातावर ठेवला. तिने तो घेतला, आणि सवयीने तिचा हात थेट माझ्या तोंडाकडे आला. अठरा वर्षांची सवय. आईने चोरून घातलेला सोडला तर दोन महिने मी गुळाला जीभ लावलेली नव्हती. वास नाकाशी आला आणि तोंडाला असं पाणी सुटलं की मला गिळावं लागलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि तिचा हात धरून तिच्याच तोंडाकडे वळवला.

"मला नगं गं," ती म्हणाली. "मला काय करायचं गोड खाऊन."

"आई, खा."

तिने दाराकडे पाहिलं. नाना गुऱ्हाळावर होते, तात्याही. घरात आम्ही दोघीच. तरी ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, पदर ओठांवर ओढला, आणि पोरं चोरून खातात तसा, आवाज न होऊ देता, तो खडा तिने खाल्ला. मी तिच्या पाठीमागे उभी होते. पदराआड तिचा जबडा हलायचा थांबेपर्यंत मी तिथून हलले नाही.